खोटं नको, पण म्हणा

चांगुणा, आपण दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते वाल सोलायचं. मोड आलेले वाल परातीत, परात दोघांच्या मधे, आणि भिसेगावच्या आपल्या खोलीच्या ओट्यावर ऊन पायांपर्यंत आलेलं. तू दोन बोटांत दाणा धरून नुसता दाबायचीस आणि तो साल सोडून टुणकन पातेल्यात. माझ्या बोटांत तो फुटायचा. तू म्हणालीस, "आख्खा जन्म लोखंड वडलं, वाल कुठनं यायचं हाताला." मी म्हटलं, "मग तूच सोल." "सोला वो. गप बसून तरी काय करताय." एवढंच. त्या दिवशी तुझ्या देवाची गोष्ट निघाली नाही की भांडण झालं नाही. पातेलं अर्धं भरलं तेव्हा तू पदर खांद्यावर ओढून घेतलास आणि म्हणालीस, थंडी वाजते. उन्हात बसून थंडी. मी हसलो तुला.

मग ताप चढला तो उतरलाच नाही. छाती भरली. डॉक्टर येऊन गेला, बाटली देऊन गेला, जाताना त्याने माझ्याकडे न बघता चपला घातल्या. तेव्हाच मी काय ते समजलो.

आता पाद्रीसाहेब म्हणतात, बाईंबद्दल चार ओळी लिहून द्या, मंडळीत वाचून दाखवू. मी तिसरी शिकलेला माणूस. तुझ्याबद्दल लोकांना काय सांगू? लोकांना तू माहीत आहेस. मी तुलाच लिहितो. मंडळीने ऐकायचं तर ऐकावं, पण मधे बोलू नये. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे आणि ते आपल्या दोघांचं आहे.

तू गेल्यापासून परवापर्यंत दिवेलागणीला मी कोपऱ्याकडे पाठ करून बसायचो. तुझा प्रार्थनेचा कोपरा. लढाईपायी रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा तू अंधारातच बसायचीस. मी म्हणायचो, दिवा नाही तर देवाला दिसायचं कसं. तू म्हणायचीस, "तुमाला दिसत नाय. त्याला दिसतंय." मग एकेकाचं नाव घ्यायचीस. पोशीरचा तुझा भाऊ महादू, त्याची बायको पारू, त्यांची पोरं, शेजारचा खोकणारा म्हातारा, घाटातून जाणाऱ्या गाड्यांतले लढाईवरचे कोणाकोणाचे मुलगे. आणि सगळ्यांच्या शेवटी, "आनि ह्यांना." नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून देवापुढेसुद्धा घेतलं नाहीस. धर्म बदललास, तेवढं बदललं नाहीस. मी टोचायचो, "ह्यांना म्हणजे कोणाला? त्याला कळायचं कसं?" तू डोळे न उघडता म्हणायचीस, "कळतं त्याला. गप ऱ्हावा."

तू गेल्यावरही ते ऐकू यायचं. खोटं सांगत नाही. नावं नाही, शेवटचं तेवढं. आनि ह्यांना. परवा मी मोठ्याने "काय गं" असं म्हटलं, आणि शेजारचा म्हातारा खोकता खोकता थांबला.

तुला भूत झालेली म्हणायला माझी जीभ वळत नाही. मला भीती तुझी वाटत नाही. मला भीती वाटते की तू अडकली आहेस आणि माझ्यामुळे अडकली आहेस. ते कसं, ते मंडळीला कळायला हवं, म्हणून मागचं लिहितो.

आपण ठाकुरवाडीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा सदू गेला. आठ वर्षांचा एकुलता एक मुलगा, तापानेच. त्याच्या आजारात तू एकही देव सोडला नाहीस. कोणाला कोंबडं बोललीस, कोणाला बकरं, कोणाला अनवाणी चालत येते म्हणालीस आणि घाटातल्या खडीवरून खरंच गेलीस, तुझे तळवे मी धुतले आहेत. पोरगा गेल्यावर तू रडली नाहीस. तू मोजत बसलीस. कुठला नवस चुकला, कुठे नारळ तडकलेला निघाला, कुठल्या देवीला खण जुना दिला. जेवताना मधेच घास खाली ठेवायचीस आणि म्हणायचीस, "त्या मंगळवारी उपासात मी पाणी पिली व्हती वो." मी म्हणायचो, पाण्याने पोरगं मरत नाही. तुला पटायचं नाही. तू स्वतःला रोज नव्या चुकीसाठी मारत होतीस आणि माझ्याकडे त्यावर औषध नव्हतं.

मग ती मिशनची बाई यायला लागली. काळी छत्री, जाड भिंगांचा चष्मा, औषधाची पिशवी. पहिल्या वेळी ती काही बोलली नाही, तुझ्याबरोबर तांदूळ निवडत बसली. पुढे कधीतरी तू तिला विचारलंस, तुमच्या देवाला काय लागतं. ती म्हणाली, काही लागत नाही, द्यायचं होतं ते सगळं त्याने आधीच देऊन टाकलं आहे. त्या रात्री तू जेवलीस. भात परत मागून घेतलास. मी तेव्हाच म्हटलं, त्या बाईचा देव खरा असो की खोटा, माझी बायको जेवली.

तुला त्यांनी बाप्तिस्मा दिला त्या दिवशी मी बाहेर पायरीवर तुझ्या वहाणा राखत बसलो होतो. डोक्यावर पाणी घेऊन बाहेर आलीस ती केस पुसत. मी विचारलं, "झालं तारण?" तू म्हणालीस, "झालं." "कसं वाटतंय?" "हलकं." आणि मग माझ्याकडे बघून, "तुमचं कंदी?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते तू जाईपर्यंत चाललं.

माझं म्हणणं मी परत सांगतो, कारण मला अजून तेच वाटतं. तू म्हणायचीस त्याला काही लागत नाही. बरं. मग लगेच म्हणायचीस, फक्त विश्वास ठेवायचा. म्हणजे लागतं की गं. बकरं मी आणलं असतं. अनवाणी मी चाललो असतो. ज्याच्यापाशी जे नाही तेच नेमकं त्याच्याकडे मागायचं, याला फुकट म्हणायचं? विश्वास काय बाजारातून आणायची वस्तू आहे? मी डोळे मिटून बसायचो तुझ्याबरोबर, तुला आठवत असेल. डोळे मिटले की मला अंधार दिसायचा आणि गुडघा दुखायचा. दुसरं काही नाही.

तू यावर चिडायची नाहीस. चिडली असतीस तर बरं होतं. तू मला माझंच काम सांगायचीस.

मी सांधेवाला. मंडळीत रेल्वेची माणसं आहेत त्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. आपल्या घाटात उतारावर एक बाजूची लाइन काढलेली असते, ती डोंगरावर चढत जाते आणि तिथेच संपते. क्याच सायडिंग. रुळांचा सांधा नेहमी त्या लाइनीकडेच लावलेला असतो. घाट उतरणाऱ्या गाडीने सांध्याआधी पूर्ण उभं राहायचं. उभी राहिली म्हणजे ब्रेक धरतोय हे कळलं. मग सांधेवाला सांधा सरळ करतो आणि गाडी खाली कर्जतला जाते. जिचा ब्रेक सुटला ती उभी राहू शकत नाही. ती आपोआप त्या चढावर जाते, चढ तिचा जोर खातो आणि ती थांबते.

मी तुला म्हणायचो, बघ, माझ्याकडे न्याय आहे. आधी उभा राहा, मग वाट देतो. ब्रेक नसलेल्याला मी खाली सोडत नाही. तुझा देव कोणालाही सोडतो.

माझ्या नोकरीत एकदाच गाडी त्या लाइनीवर गेली, मालगाडी. तू क्वार्टरच्या दारातून बघितलीस. मी झेंडा हातात धरून उभा, करण्यासारखं काहीच नाही. गाडी आली, चढली, करकरली, थांबली. ड्रायव्हर उतरला तो खडीतच बसला. तू त्याला चहा नेऊन दिलास. तो कप धरू शकेना, तूच ओठाला लावलास.

त्यानंतर किती वर्षांनी, इथे भिसेगावला, भांडी घासता घासता तू विचारलंस, "त्या डायवरनं काय केलंन वो वाचायला?"

"काय करणार? ब्रेक लागत नव्हता."

"म्हंजी काय नाय केलंन."

"नाही."

"आनि सांधा तुमी फिरवलात त्याच्यासाठी?"

"मी कशाला फिरवू? तो तसाच लावलेला असतो."

तू पातेलं उपडं घातलंस आणि म्हणालीस, "न मागता लावलेला." आणि पदराला हात पुसत आत गेलीस. मला ओट्यावर तसाच बसवून.

त्याचं उत्तर मी आजवर शोधतो आहे. एक सापडलं होतं. ती लाइन माणसांनी घातली आहे, खडी फोडणारे हात मी बघितलेत, म्हणून मी तिच्यावर भरवसा ठेवतो. तुझ्या देवाची मी बघितली नाही. हे तुला सांगायचं होतं. पण ते सुचलं तेव्हा तू तापात होतीस, आणि तापात पडलेल्या बाईशी कोण भांडतं.

आता ते दाराचं. तू बरी होतीस तेव्हा मी एकदा चेष्टेत म्हटलं, तू तुझ्या स्वर्गात जाशील, मी माझा कुठेतरी. तिथे तुला चांगला शिकलेला ख्रिस्ती नवरा बघ. तुला ती चेष्टा लागली. तू म्हणालीस, "मी आत जायची नाय. मी दारात थांबंन." मी म्हटलं, तुझा देव रागावेल. "रागवू दे. मी त्याला सांगंन, मागनं येतायत." "आणि मी आलोच नाही तर?" तू उठून चूल फुंकायला लागलीस. असं मधेच उठणं तुझ्या स्वभावात नव्हतं, म्हणून ते लक्षात राहिलं.

शेवटच्या दुपारी तू मला उशाशी बोलावलंस. पारू चुलीपाशी होती, तिने ऐकलं, तिला विचारावं. तू म्हणालीस, "एकदा म्हना. विश्वास ठेवतो म्हना. मला कानानं ऐकू द्या."

मी तुला विचारलं, "खोटं म्हणू?"

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालीस, "खोटं नको." आणि जरा थांबून, "पर म्हना."

चांगुणा, हे दोन्ही कसं करायचं ते तू सांगितलं नाहीस. मी तुझा हात धरून बसलो. चाळीस वर्षांत मी तुला मारलं नाही आणि तुझ्याशी खोटं बोललो नाही, एवढीच माझी पुंजी. ती मी शेवटच्या दुपारी मोडली नाही. उन्हं उतरायच्या आत तू गेलीस. पारू म्हणाली, "दाजी, म्हनायचं व्हतंत. काय गेलं असतं?" तेव्हापासून मी तेच मनात घोळवतो. काय गेलं असतं.

पाद्रीसाहेबांनी तुला मातीत ठेवलं, चांगलं ठेवलं. पोशीरची माणसं कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर उभी राहिली, महादू तेवढा आत आला आणि टोपी काढायची की ठेवायची हे न कळून हातात घट्ट धरून राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, "पुरलीत ती पुरलीत. पर दहाव्याला मी ऐकायचा नाय. माजी भन वाऱ्यावर सोडू का?" मी पाद्रीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, तिला त्याची गरज नाही, पण तुम्हाला मी अडवणार नाही. मी नको म्हणालो असतो. पण मला तू दारात उभी दिसत होतीस, आणि अशा वेळी माणूस कोणाचंही ऐकतो.

म्हणून काल उल्हास नदीच्या काठाला तुझा दहावा घातला. महादूने शेतातला तांदूळ आणला होता, रेशनचा नको म्हणून. भटजी कुरकुरला, पण बसला. मी पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागे सरलो. वर उंबरावर कावळे होते, पुष्कळ होते. एकही खाली येईना.

तुला हसू आलं असतं. आधी पारू पुढे झाली, "वन्सं, दाजींच्या जेवनाचं मी बघीन, काळजी करू नगा." कावळे जागचे हलले नाहीत. महादूने हात जोडले, "ताई, तुजी लुगडी पोरींना वाटून देतो, एकबी इकायचो नाय." काही नाही. मग त्याचा धीर सुटला आणि तो म्हणाला, "ताई, तुज्या पाद्रीच्या देवळात नारळ फोडीन." मागून कोणीतरी म्हणालं, "आरं, त्यांच्यात नारळ नसतोय." "मंग काय असतंय?" "मेनबत्ती." "मेनबत्ती लावीन गं ताई." एक कावळा उडाला तो पलीकडच्या झाडावर जाऊन बसला.

ऊन डोक्यावर आलं. लोकांना भुका लागल्या होत्या. मग पोशीरचा तुझा म्हातारा चुलता काठी टेकत माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "जावई, तुमच्यापाशीच काय तरी आडलंय तिचं. बोलून टाका." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. पारूने तर मान खाली घातली. तिला माहीत होतं.

दोन शब्द होते. तू मागितलेस तेच. समोर पाद्री नव्हता, वर नुसते कावळे. मी तोंड उघडलं. मी तुला सांगतो, मी ते म्हणणारच होतो. पण माझ्या तोंडून निघालं ते, "नाही येत गं मला." एवढंच.

कावळा आला नाही. भटजीने दर्भाचा कावळा केला. गवताच्या चार काड्या वळल्या, चोचीसारखं टोक काढलं आणि पिंडाला लावलं. "शिवला," म्हणाला. महादूने सुस्कारा टाकला. "सुटली." लोक पंगतीला बसले, वाढ वाढ म्हणाले. मीही जेवलो. मीठ कमी होतं.

जेवताना मी त्या गवताच्या कावळ्याकडेच बघत होतो. मला वाटलं, त्या दुपारी मी जे म्हटलं असतं तेही असंच झालं असतं. तुला भूक होती खऱ्या कावळ्याची आणि मी तुला गवताचा दिला असता. मनातल्या मनात मी तुला म्हटलं, बघ, मी बरोबर होतो. आणि लगेच तुझा आवाज आला, अगदी कानाशी, भांडी घासताना यायचा तसा. तू म्हणालीस, गवताचाबी चालतो त्याला. गवत तरी कुणी केलंन?

तू खरंच म्हणालीस की मीच ते तुझ्या आवाजात बोललो, हे मला माहीत नाही. मी हात न धुताच पानावरून उठलो, ते महादूने बघितलं आणि तो म्हणाला, "दाजी, आता झालं, आता नीट निजा." कुठली नीज. काल दिवेलागणीला मी पाठ वळवली नाही. तुझ्या कोपऱ्याकडे तोंड करून बसलो. काही ऐकू आलं नाही. ऐकू येत होतं तेव्हा भीती होती, पण न येण्याइतकी नव्हती.

आज रविवार. सकाळीच मी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि तुझ्या प्रार्थनेच्या घराकडे गेलो. इतकी वर्षं मी पायरीपर्यंत आलेला माणूस. पाद्रीसाहेब दारातच होते. मी म्हटलं, "माझा विश्वास नाही. बसलो तर चालेल?" ते म्हणाले, "बसा." मी तुझ्या जागेवर जाऊन बसलो. ती बायकांची बाजू आहे हे मला बसल्यावर कळलं, पण कोणी उठवलं नाही, बायका जरा सरकल्या.

गाणं झालं. मग सगळे उभे राहिले आणि एका सुरात म्हणायला लागले, मी विश्वास ठेवतो. अमक्यावर ठेवतो, तमक्यावर ठेवतो, तुम्ही मंडळी दर रविवारी म्हणता ते. मी उभा होतो. डोळे उघडे होते. इथेच तू उभी राहायचीस, हे म्हणायचीस, आणि तसंच जगायचीस, ते मी इतकी वर्षं माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. त्याबद्दल मला कोणावर भरवसा ठेवायची गरज नव्हती. म्हणून मंडळी "मी विश्वास ठेवतो" म्हणाली तेव्हा मी मोठ्याने म्हटलं, "ती ठेवत होती."

शेजारच्या बाईने वळून बघितलं आणि तिचं तिचं म्हणत राहिली. पुढची ओळ आली. मी परत म्हटलं, "ती ठेवत होती."